टूलबेल्टमध्ये मापाची हत्यारं कोणती ठेवायची: निवड, तपासणी आणि वापराचा क्रम

घरात टूल किट असतं. त्यात टेप असते, लेव्हल (बुडबुड्याने सपाटी दाखवणारी पट्टी) असते, हौसेने घेतलेला डिजिटल कॅलिपरही (जबड्यात धरून जाडी-व्यास मोजायचं हत्यार) असतो. तरी शेल्फ एका बाजूला झुकतं, आरशाची भोकं जुळत नाहीत आणि नळाचा एक जोड आणायला प्लंबिंगच्या दुकानात तीन चकरा होतात. यातला बराचसा घोळ भिंतीला ड्रिल लावण्याआधीच झालेला असतो. हत्यार घेताना काम डोळ्यांपुढे नव्हतं, घेतल्यावर ते खरं माप दाखवतं का हे कुणी पाहिलं नाही, आणि एका कामात दोन टेपा वापरल्या गेल्या. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

## १. आधी कामांची यादी

घरात तुम्ही केलेली, किंवा माणूस बोलावून करून घेतलेली कामं कागदावर लिहा. पडद्याचा रॉड, फ्रेम, बाथरूमचा आरसा, खिडकीची जाळी, दाराची कडी, कपाटाच्या बिजागऱ्या, नळ, वॉशिंग मशिनचा पाइप. प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट लिहा: माप किती चुकलं तर चालेल?

पडद्याचं कापड किंवा रंगासाठी भिंतीचं क्षेत्रफळ असेल तर सेंटिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. शेल्फ, आरसा, रॉडचे ब्रॅकेट, जाळीची फ्रेम यांना एक-दोन मिलिमीटरच्या आत राहावं लागतं. आटे, पाइप, स्क्रू, ड्रिल बिट आणि कुलूप बसवायच्या दाराची जाडी, इथे मात्र मिलिमीटरच्या आतलं माप लागतं.

पहिल्या दोन प्रकारांना चांगली टेप पुरते. तिसऱ्याला कॅलिपर लागतो, पण ती मापं शिडीवर चढून घ्यायची नसतात. ती सामान आणायला जाण्याआधीच घ्यायची असतात. म्हणून कमरेला एवढंच: ५ मीटरची टेप, ९ इंची स्पिरिट लेव्हल, ६ इंची गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) आणि पेन्सिल. कॅलिपर घरच्या पेटीत. बाकीचं कमरेला लटकवलं की स्टुलावर वाकताना टोचतं आणि आठवड्याभरात बेल्टच खुंटीला जातो.

तपासा: यादीतली निम्मी कामं नळ आणि पाइपची असतील तर तुम्हाला कॅलिपरची गरज लेव्हलपेक्षा आधी आहे. खर्च त्या क्रमाने करा.

## २. एकक ठरवा: मिलिमीटर की इंच-सूत

सुतार आणि हार्डवेअरवाला सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला थोडा कमी, ३.१७५ मिमी. 'तीन सुताची सळई' म्हणजे १० मिमीची, 'चार सूत' म्हणजे १२ मिमीची. ही जोडी व्यवहारापुरती आहे. चार सूत मोजून काढले तर १२.७ मिमी भरतात.

घोटाळा होतो तो इथेच. प्लायचा शीट '८ बाय ४'चा म्हणून विकला जातो, त्यावर लिहिलेलं असतं २४४० बाय १२२० मिमी. सुतार इंचात माप सांगतो, कापणारा सेंटिमीटरमध्ये लिहून घेतो आणि मधल्या रूपांतरात दोन-तीन मिमी गळतात. ड्रॉवरच्या चॅनेलला एवढा फरक पुरतो.

घरच्या कामात सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. सेंटिमीटरमध्येही नको, कारण दशांशाचा टिंब पेन्सिलने नीट दिसत नाही आणि ४७.५ चे ४७५ की ४७ यावर वाद होतो. दुकानात बोलायला सूत वापरा, कागदावर मिमी.

## ३. टेप: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

लांबी. ३ मीटरची टेप खिशात छान बसते, पण ती साधारण १० फुटांवर संपते आणि आपल्याकडच्या कित्येक खोल्या त्याहून लांब असतात. ८ मीटरची जड असते, बेल्ट एका बाजूला ओढते. घरासाठी ५ मीटर.

पात्याची रुंदी. १९ मिमी घ्या. १३ मिमीचं पातं हवेत धरलं की लगेच वाकतं आणि पडद्याच्या रॉडचं माप एकट्याने घेता येत नाही. २५ मिमीचं पातं ताठ राहतं, पण डबा मुठीत मावत नाही.

अचूकतेचा वर्ग. पात्याच्या सुरुवातीला, हूकजवळ, अंडाकृतीत रोमन आकडा छापलेला असतो. दुसऱ्या वर्गाच्या टेपला ५ मीटरमध्ये १.३ मिमीपर्यंत चूक माफ असते, पहिल्या वर्गाला ०.६ मिमी. घराला दुसरा वर्ग भरपूर झाला. आकडाच नसेल तर ती टेप ठेवून द्या आणि दुसरी मागा.

खुणा. वरच्या कडेला इंच, खालच्या कडेला मिलिमीटर अशी टेप आपल्याकडे सर्रास मिळते, ती चालेल. परदेशातून आणलेल्या टेपवर १६, ३२, ४८ इंचांवर ठळक लाल खुणा आणि १९.२ इंचांवर बारीक काळे चौकोन दिसतात. लाल खुणा भिंतीच्या आतल्या लाकडी उभ्या पट्ट्या शोधण्यासाठी असतात, काळे चौकोन जमिनीखालच्या लाकडी तुळयांच्या अंतरासाठी. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी ते जरूर वापरावं. विटांच्या भिंतीत त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता हूक. टोकाचा पत्रा किंचित मागे-पुढे हलतो आणि बरेच जण 'ढिला आहे' म्हणून तो ठोकून घट्ट करतात. तसं करू नका. तो पत्र्याच्या जाडीइतकाच हलायला हवा. फळीच्या कडेला अडकवून ओढली की हूक बाहेर सरकतो आणि शून्य त्याच्या आतल्या बाजूपासून धरलं जातं. भिंतीला टेकवून दाबली की आत सरकतो आणि शून्य बाहेरच्या बाजूपासून. हूक घट्ट झाला की यातलं एक माप कायमचं साधारण मिलिमीटरभर चुकतं.

दुकानात उभं राहून या गोष्टी करा. टेप घ्यायला मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, पुण्यात बोहरी आळीत, नाहीतर घराखालच्या दुकानात. उघडून बघू देत नसतील तर घेऊ नका.

1. दोन टेपा मागा आणि १ मीटर व २ मीटरच्या खुणा एकमेकींशेजारी धरा. फरक उघड्या डोळ्यांना दिसला तर तिसरी मागा. ज्या दोन जुळतील त्यांतली एक घ्या.
2. काउंटरच्या कडेला हूक अडकवून ३०० मिमीवर पेन्सिलची खूण करा. मग दुकानदाराची स्टीलची पट्टी तिथे ठेवून पडताळा. नंतर हूक एखाद्या उभ्या कडेला टेकवून, आत दाबून हेच पुन्हा करा. दोन्ही जुळायला हवीत.
3. लॉक लावून पातं हलकेच ओढा. सरकलं तर नको.
4. पातं अर्धं बाहेर काढून सोडा. हूक डब्यावर आपटून वाकेल इतक्या जोरात परत जात असेल तर बोटाने आवरायची सवय लागेपर्यंत तुम्हीच ती खराब कराल.

सावध: डब्यावर त्याची स्वतःची लांबी छापलेली असते, ६५ किंवा ७० मिमी अशी. दोन भिंतींमधलं माप घेताना डबा एका भिंतीला टेकवायचा आणि ही लांबी मिळवायची. पातं कोपऱ्यात वाकवून अंदाजे वाचायचं नाही. जाळीची फ्रेम खिडकीत न बसण्याचं एक नेहमीचं कारण हेच.

हूक वाकलेला असेल तर टेप १०० मिमीच्या खुणेपासून धरा आणि शेवटी १०० वजा करा. जुने कारागीर एक इंच सोडून मोजतात. मला १०० मिमी बरे वाटतात, कारण वजा करायला विसरलात तर चूक इतकी मोठी असते की फळी कापण्याआधीच डोळ्यांत भरते.

## ४. लेव्हल: घेण्याआधी फिरवून बघा

९ इंची, खाली चुंबक असलेली, आडवी आणि उभी अशा दोन नळ्या असलेली लेव्हल घरासाठी पुरे. मीटरमागे १ मिमीच्या आतली अचूकता असली की झालं. तीन फुटी शेल्फला ती चूक दिसतसुद्धा नाही.

आडवी नळी तपासणं सोपं आहे. काउंटरवर लेव्हल ठेवा, बुडबुडा कुठे थांबतो ते बघा. आता ती उचलून डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवा आणि त्याच जागी ठेवा. बुडबुडा पुन्हा दुकानाच्या त्याच बाजूला, म्हणजे समजा रस्त्याच्या बाजूला गेला, तर काउंटर तिरका आहे आणि लेव्हल बरोबर आहे. आधी रस्त्याकडे आणि फिरवल्यावर गल्ल्याकडे गेला, तर नळी वाकडी बसलेली आहे. ती परत द्या.

उभ्या नळीसाठी लेव्हलची पाठ भिंतीला टेकवून, बुडबुडा मध्ये आणून, एका कडेने रेघ मारा. मग लेव्हल स्वतःभोवती फिरवून पोट भिंतीकडे करा आणि तीच कड रेघेला लावा. बुडबुडा मध्येच राहायला हवा.

मोबाइलवरचं लेव्हल ॲप फ्रेम सरळ करायला ठीक आहे. पण कॅमेऱ्याचा उंचवटा मागे आल्यावर फोन आडवा टेकत नाही आणि कव्हरच्या कडाही सरळ नसतात. शेल्फचे ब्रॅकेट त्यावर लावू नका.

सावध: छोटी लेव्हल लांब अंतराला थेट वापरायची नाही. सरळ, न वाकलेली फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि लेव्हल तिच्या मध्यावर ठेवा. दोन खोल्यांमधलं, किंवा कोपरा वळून पलीकडचं लेव्हल हवं असेल तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आजही सगळ्यात भरवशाची आहे. फक्त आत हवेचा फुगा अडकला नाही ना, ते बघा.

## ५. गुण्या

सहा इंची, सरकत्या पट्टीचा गुण्या घ्या. तो काटकोन दाखवतो, ४५ अंश दाखवतो, पट्टी काढून घेतली की छोटी फूटपट्टी होते, आणि पट्टी ठरावीक मापावर घट्ट करून फळीच्या कडेला समांतर रेघ मारता येते.

तपासणी: प्लायची कारखान्यात कापलेली सरळ कड शोधा. गुण्या लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकावर एक आल्या तर उत्तम. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

मोठ्या कोपऱ्याला हा पुरत नाही. तिथे एका भिंतीवर ६० सेंमी, दुसरीवर ८० सेंमी मोजा; कर्ण १०० सेंमी भरला तर काटकोन आहे. ओट्याचा ग्रॅनाइट किंवा कोपऱ्यातलं कपाट सांगण्याआधी हे करून बघाच.

## ६. कॅलिपर: पाइप आणि आट्यांसाठी

घरगुती प्लंबिंगमध्ये 'अर्धा इंच' हे नाव आहे. पाइपला बाहेरून टेप लावून अर्धा इंच शोधायला गेलात तर सापडणार नाही.

सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या लाइनला लावतात त्या फिकट पिवळसर पाइपचा, अर्धा इंच बाहेरून १५.९ मिमी भरतो, पाऊण इंच २२.२ आणि एक इंच २८.६. पांढऱ्या यूपीव्हीसीचा अर्धा इंच बाहेरून २१.३ मिमी, पाऊण २६.७, एक इंच ३३.४. नळाच्या अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिमी आणि पाऊण इंची आट्यांचा साधारण २६.४.

हे आकडे पुन्हा वाचा. सीपीव्हीसीचा पाऊण इंच आणि यूपीव्हीसीचा अर्धा इंच यांच्यात मिलिमीटरचाही फरक नाही. दुरून दोन्ही सारखेच दिसतात आणि जोड एकमेकांत नीट बसत नाही. टेपने बाहेरून माप घेऊन 'पाऊण इंची द्या' म्हणणारा माणूस इथे फसतो.

मापाचा क्रम असा ठेवा:

1. पाण्याचा कॉक बंद करा, आटे कापडाने पुसा, जुनी टेफ्लॉनची टेप काढून टाका.
2. कॅलिपर पूर्ण मिटून शून्य दाखवतो का ते बघा.
3. एकदा मोजा, कॅलिपर पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. पाइप दबलेला असेल तर दोन मापं वेगळी येतात.
4. पाइपवरची छपाई वाचा. त्यावर प्रकार आणि साइज असतो, आणि तो तुमच्या मापापेक्षा जास्त विश्वासाचा.
5. जुना तुकडा निघत असेल तर तोच पिशवीत घालून दुकानात न्या. हातात माप असलं तरी न्या.

डिजिटल घ्यायचा की साधा? १५० मिमीचा डिजिटल वाचायला सोपा. पडद्यावर ०.०१ मिमी दिसतं म्हणून तो तेवढा अचूक आहे असं नाही, स्वस्तातला ०.०३ मिमीपर्यंत सहज चुकतो, आणि घरात त्याने काही बिघडत नाही. जपानी बनावटीचा महागडा कॅलिपर कारखान्यातल्या टर्नरला हवा, तुम्हाला नको. मागच्या टोकातून निघणारी बारीक सळई मात्र वापरायला शिका. भिंतीतल्या भोकाची खोली त्याने मोजता येते, आणि प्लास्टिकचा प्लग पूर्ण आत जाईल की बाहेर नाक काढून बसेल, हे स्क्रू पिळण्याआधीच कळतं.

सावध: फिरत्या ड्रिलमधल्या बिटला कॅलिपर लावायचा नाही. बिट काढा, मग मोजा.

## ७. लेझर मीटर लागतो का?

रंगकामाचा अंदाज, छताची उंची, भाड्याचं घर बघताना खोल्यांची मापं, यासाठी सोयीचा. नेहमीच्या मीटरची अचूकता २ मिमीच्या आसपास असते, त्यामुळे आखूड मापांना टेपच बरी. घेतलात तर माप पुढच्या कडेपासून मोजतोय की मागच्या, हे पडद्यावर बघून घ्या. हे न पाहिल्याने येणारी चूक यंत्राच्या लांबीइतकी, म्हणजे दहा सेंटिमीटरभर असते. काचेवर आणि भर उन्हात त्याचा भरवसा धरू नका. ठिपका कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका, घरात लहान मूल असेल तर विशेष.

## ८. बेल्टमध्ये मांडणी

ज्या हाताने लिहिता त्या बाजूला टेप आणि पेन्सिल, दुसऱ्या बाजूला लेव्हल आणि गुण्या. टेपची क्लिप बेल्टच्या बाहेरून लावा, कप्प्यात टाकू नका. शिडीवर एका हाताने ती काढता आली पाहिजे. टोकदार वस्तूचं टोक खाली. पाठीच्या मणक्यावर काहीही नको, कारण पडलात तर त्यावरच पडाल. चुंबकाची लेव्हल स्क्रूच्या कप्प्याशेजारी ठेवली तर दर वेळी चार स्क्रू चिकटवून बाहेर येते आणि मग ती सपाट टेकत नाही.

## ९. पहिलं काम: तीन फुटी शेल्फ

आता हे सगळं एका कामावर लावून बघा.

1. शेल्फची उंची जमिनीपासून एकदाच मोजा, एकाच जागी, आणि खूण करा. दोन्ही टोकांना जमिनीपासून सारखी उंची मोजणं ही या कामातली नेहमीची चूक आहे. आपल्या फरश्यांना उतार असतो, स्वयंपाकघरात आणि बाल्कनीत तर मुद्दाम दिलेला असतो, आणि तोच उतार शेल्फवर चढतो.
2. खुणेला सरळ पट्टी लावा, मध्यावर लेव्हल ठेवा, बुडबुडा जुळवून पूर्ण रेघ मारा.
3. भिंतीला टाइल्स असतील तर जवळचा सांधा बघा. सांधा आणि लेव्हल यांच्यात थोडा फरक असेल तर मी सांध्याच्या बाजूने जातो. बघणाऱ्याची नजर सांध्याशी तुलना करते, बुडबुड्याशी नाही. फरक मोठा असेल आणि वर बरण्या ठेवायच्या असतील तर मात्र लेव्हल.
4. भोक पाडायच्या जागेच्या सरळ वर किंवा खाली स्विचबोर्ड आहे का ते बघा. भिंतीतल्या वायरी बहुतेक बोर्डापासून उभ्या जातात. शंका असेल तर जागा बदला; बदलता येत नसेल तर मेन स्विच बंद करून काम करा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर नाही, असं समजू नका.
5. पहिला ब्रॅकेट रेघेला धरून त्याच्या भोकांतूनच पेन्सिलने खुणा करा. खूण टिंबाची नको, बारीक फुलीची करा. ड्रिलची धूळ बसल्यावरही ती ओळखू येते. खिळ्याने मध्यावर हलका टोचा मारा म्हणजे बिट सरकणार नाही.
6. पहिला ब्रॅकेट पूर्ण बसवा. त्यानंतरच दुसऱ्याच्या खुणा करा. चारही भोकं आधी पाडून ठेवली आणि पहिलं दोन मिमी सरकलं, तर उरलेली तीन वाया जातात.
7. दुसरा ब्रॅकेट एकाच स्क्रूवर धरा, दोन्हींवर फळी ठेवा, लेव्हल तपासा, मग उरलेला स्क्रू पिळा.

तपासा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टेप वापरलीत का? मदतीला आलेल्याने स्वतःची टेप काढली असेल तर ती प्रेमाने परत त्याच्या खिशात जाऊ द्या. दोन टेपांमधला मिलिमीटरभर फरक इथे नक्की दिसतो.

## १०. पावसाळ्यात

टेपचं पातं ओलं असेल तर गुंडाळण्याआधी कोरड्या कापडाने पुसा. आत गेलेलं पाणी स्प्रिंगला आणि पात्याला गंज चढवतं, आणि गंजलेल्या पात्यावरचे पहिल्या शंभर मिलिमीटरचे आकडे सगळ्यात आधी उडतात. गुण्याच्या पट्टीला मशिन ऑइलचा हात फिरवा. डिजिटल कॅलिपरचा सेल काढून त्याच डबीत ठेवा. स्वस्तातले कॅलिपर बंद असतानाही सेल खातात. सेल परत घातल्यावर आधी जबडे मिटा आणि शून्याचं बटण दाबा.